विषय: आईचं औषधी गांजाचं काउंटी कार्ड (सॅन दिएगो, कॅलिफोर्निया) – केअरगिव्हर म्हणून कोणाचं नाव?

मीरा मेसाहून, सोमवार रात्र
मंडळी, घाईत लिहितेय. आईची चौथी केमो झाली. वरणभात समोर आला की तोंड फिरवते. डॉक्टरांनी मेडिकल मारिवानाचं, म्हणजे औषधी गांजाचं, पत्र दिलंय. तिला जिना उतरवत नाही, दुकानात कुठली जाणार! म्हणून पेशंटचं कार्ड तिचं आणि केअरगिव्हरचं, म्हणजे तिची काळजी घेऊन तिच्यासाठी ते आणणाऱ्याचं, माझं, असं काढतेय. गुरुवारी काउंटीत जायचंय. सोबत काय न्यायचं? ज्यांनी काढलंय त्यांनी सांगा, संकोच नको. मलाही लिहायला दोन दिवस लागले.

पोवेहून
आम्ही ह्यांचं काढलं होतं. डॉक्टरांच्या पत्राची प्रत, फोटो आयडी, काउंटीत राहत असल्याचा पुरावा. फी १०० डॉलरच्या वर घेता येत नाही, आणि आईंना मेडि-कॅल (कमी उत्पन्नवाल्यांचा राज्याचा आरोग्य विमा) आहे म्हणजे निम्मी. ते कार्ड विसरू नकोस. तुझ्या कार्डाची फी वेगळी. कार्डावर नाव नसतं, फक्त फोटो, नंबर आणि मुदत. दर वर्षी नवीन करावं लागतं. दुकानात विक्रीकर माफ होतो, आपल्याकडे ७.७५ टक्के, म्हणजे महिन्याला बऱ्यापैकी वाचतात. एक्साइज, म्हणजे गांजावरचा वेगळा कर, मात्र भरावाच लागतो.

रँचो बर्नार्डोहून
ताई, थांब. तुझा सिटिझनशिपचा अर्ज गेलाय ना? मग तुझं नाव घालू नकोस. राज्यात कायदेशीर असलं तरी फेडरल कायद्यात नाही. एप्रिल २०१९ पासून इमिग्रेशनच्या धोरणातच लिहिलंय, की राज्याच्या कायद्याने चालत असलं तरी गांजा जवळ बाळगणं हे ‘चांगल्या चारित्र्या’च्या आड येऊ शकतं. गुन्हा दाखल नसला तरी, तोंडाने कबूल केलंस तरी.

कार्मेल व्हॅलीहून
एवढं घाबरवू नका हो. काउंटीकडची माहिती गोपनीय असते. आणि ३० ग्रॅमच्या आत गांजा जवळ असला तर सूट आहे ना?

रँचो बर्नार्डोहून
ती सूट एकाच वेळच्या चुकीला आहे, ही दर आठवड्याला आणणार. माहिती काउंटीतून फुटेल असं मी म्हणतच नाही. मुलाखतीत शपथेवर विचारतात. तिथे खोटं बोलायचं, की खरं बोलून अडकायचं? त्या खुर्चीत तिला बसवूच नका. जावयाचं नाव घाला, तो सिटिझन आहे, घरातच राहतो, औषधपाणी तोच बघतो. केअरगिव्हर म्हणून कायद्याला हेच लागतं, नुसतं नातं पुरत नाही.

ला मेसाचे काका
मुलांनो, कार्ड मिळतंय यातच मला समाधान आहे. मतदारांनी १९९६ साली औषधी गांजाला परवानगी देणारं प्रॉप २१५ मंजूर केलं, कार्डाचा कायदा २००४ पासून लागू झाला, आणि आपल्याच काउंटीने कार्ड द्यायचं नाकारून २००६ साली राज्यावर दावा लावला. सॅन बर्नार्डिनोही सोबत. अपील कोर्टात २००८ ला हरले, तरी वॉशिंग्टनपर्यंत गेले. सुप्रीम कोर्टाने मे २००९ मध्ये ऐकायलाच नकार दिला, तेव्हा कुठे कार्डं सुरू झाली. त्या वर्षांत माझा शेजारी हाडांच्या कॅन्सरने गेला. खिशात डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन फिरायचा आणि पोलिसांची गाडी दिसली की थरथरायचा. ते माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

ज्येष्ठ समितीकडून
मागेच ठरलं होतं की तब्येतीचे प्रश्न आधी समितीकडे यावेत. आईंचा आजार या गटातल्या चारशे घरांत पोचला. हे योग्य नाही.

पोवेहून
तिने आईला विचारूनच लिहिलंय, मला ठाऊक आहे. आणि समितीकडे गेलं असतं तर सिटिझनशिपचं कोणाच्या लक्षात आलं असतं?

चुला व्हिस्टाहून
डिसेंबरात आई पुण्याला जाणार होत्या ना? बॅगेत गांजाची एक गोळीसुद्धा नको. विमानतळावर फेडरल कायदा, आणि उतरल्यावर आपला १९८५ चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा. हे कार्ड तिथे कोणी विचारणार नाही. आमच्या आजोबांकडे महाशिवरात्रीला भांग घोटायचे, पण भांगेच्या पानाचा कायदा वेगळा, गांजाचा वेगळा.

कार्मेल व्हॅलीहून (मी फार्मसीत आहे, म्हणून)
आईंना रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का? वॉर्फरिन असेल तर गांजाने तिचा परिणाम वाढू शकतो. डॉक्टरांना सांगून आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते) लवकर तपासून घ्या. आणि इस्पितळात ठेवायची वेळ आली तर रायन्स लॉ लक्षात ठेवा: २०२२ पासून अखेरच्या टप्प्यातल्या पेशंटला तिथे औषधी गांजा घेता येतो, धुराशिवाय. कार्ड किंवा डॉक्टरांचं पत्र दाखवावं लागतं.

मीरा मेसाहून, बुधवार
वॉर्फरिन नाही, दुसरी गोळी आहे, तरी विचारते. वकिलांशी बोलले. त्यांनीही ह्यांचंच नाव घालायला सांगितलं. उद्या हेच जातील, बाटली ह्यांच्याच कपाटात राहील. समितीला: आई म्हणाली, ‘लिही, दुसऱ्या कोणाला उपयोग होईल.’ ला मेसाच्या काकांचं पत्र तिला वाचून दाखवलं. गप्प बसून ऐकलं, मग दोन चमचे पेज घेतली.

रँचो बर्नार्डोहून
गुरुवारी काउंटीत मी सोबत येतो. साडेआठला खाली थांबतो.