अभियांत्रिकी गणिताचे कडक नियम : कोणते निमूट पाळावेत आणि कोणत्यांबद्दल सरांशी बोलावे?

प्रश्न : उमरेडकर (प्रथम वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)

नमस्कार. मी नागपुरातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात यंदाच प्रवेश घेतला असून रोज उमरेडहून एसटीने ये-जा करतो. गणिताच्या पहिल्याच तासाला सरांनी आम्हाला दोन पानी नियमपत्रक दिले. गृहपाठ दर सोमवारी सकाळी नऊच्या आत जमा करायचा; उशिरा आलेला गृहपाठ कोणत्याही कारणाने तपासला जाणार नाही, मात्र सत्राच्या शेवटी सर्वांत कमी गुणांचे दोन गृहपाठ वगळले जातील. चाचणीत कॅल्क्युलेटर चालणार नाही आणि सूत्रांचा कागदही मिळणार नाही. रीत न दाखवता लिहिलेल्या बरोबर उत्तराला शून्य गुण. मित्रांशी चर्चा करण्यास मुभा आहे, पण लिखाण स्वतःचे हवे आणि ज्यांच्याशी चर्चा केली त्यांची नावे पहिल्या पानावर लिहायची. उपस्थिती ७५ टक्के, चुकलेली चाचणी पुन्हा नाही, आणि वर्गाबाहेर आठवड्याला आठ तास अभ्यास अपेक्षित.

बारावीला गणितात गुण चांगले होते, सीईटीही बरी गेली, त्यामुळे विषयाची भीती नाही. परंतु शेजारच्या तुकडीत यातले निम्मे नियमही नाहीत आणि इंटर्नलचे (महाविद्यालयांतर्गत मूल्यमापनाचे) गुण मात्र दोन्ही तुकड्यांना सारखेच मोजले जाणार आहेत. असे नियम सर्वसाधारण आहेत का, आणि नवख्या विद्यार्थ्याने त्यांबद्दल काही विचारणे योग्य दिसेल का?

उत्तर : तृतीय वर्ष, स्थापत्य

सीईटीच्या भरवशावर राहू नकोस. तिथे गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात, चार पर्याय समोर असतात आणि चुकीला गुण कापले जात नाहीत. त्यामुळे दोन पर्याय बाद करून तिसरा तपासून पाहण्याची जी सवय आपल्याला दोन वर्षे लागलेली असते, ती इथे पहिल्याच चाचणीत उघडी पडते. आमच्या वर्गात एम-वनला (पहिल्या सत्राच्या गणिताला) बॅक लागलेल्यांत, म्हणजे नापास झालेल्यांत, सीईटीचे उत्तम पर्सेंटाइल असलेली मुलेही होती. वगळले जाणारे दोन गृहपाठ आजारपणासाठी आणि एसटीसाठी राखून ठेव, दिवाळीच्या आधीच ते उडवून बसू नकोस.

उत्तर : निवृत्त प्राध्यापक, गणित

आपण दिलेल्या यादीतले काही नियम विषयाच्या स्वभावातून आलेले आहेत आणि काही केवळ व्यवस्थेच्या सोयीसाठी आहेत. हे दोन प्रकार वेगळे करून पाहिले, तर सरांशी कशाबद्दल बोलता येईल हे आपोआप स्पष्ट होते.

रीत दाखवण्याचा नियम पहिल्या प्रकारातला. एक छेद क्ष-वर्ग या फलनाचे उणे एक ते अधिक एक या मर्यादांत इंटिग्रेशन करण्यास सांगितले, तर पाठ केलेले सूत्र लावणारा विद्यार्थी दोन ओळींत उणे दोन हे उत्तर काढतो. जे फलन सर्वत्र धन आहे त्याखालचे क्षेत्रफळ ऋण कसे येईल, हा प्रश्न त्याला पडतच नाही. शून्यापाशी फलन अमर्याद होते आणि ते इंटिग्रल अभिसारीच नाही, ही गोष्ट फक्त पायऱ्या लिहिताना ध्यानात येते. तपासणाऱ्यालाही विद्यार्थी कुठे घसरला हे पायऱ्यांवरूनच कळते.

कॅल्क्युलेटरचेही तसेच. दोन मॅट्रिक्स घ्या : पहिल्याच्या ओळी (२, १) आणि (०, २), दुसऱ्याच्या (२, ०) आणि (०, २). दोन्हींच्या आयगेनव्हॅल्यू (मॅट्रिक्स लावल्यावर ज्या दिशा बदलत नाहीत त्यांवरील ताणाचे गुणक) दोन आणि दोनच येतात, आणि यंत्र तेवढे क्षणात सांगेल. परंतु पहिल्या मॅट्रिक्सला एकच स्वतंत्र आयगेनव्हेक्टर (अशी न बदलणारी दिशा) आहे, त्यामुळे ते डायगोनल (फक्त कर्णावर आकडे असलेले) करता येत नाही आणि त्यापासून येणाऱ्या डिफरन्शियल इक्वेशनच्या उत्तरात काळाने गुणलेले एक जादा पद येते. आपण यंत्र अभियांत्रिकीचे आहात. कंपनांच्या अभ्यासात क्रिटिकल डॅम्पिंगला (हेलकावे न घेता वस्तू सर्वांत लवकर स्थिरावते त्या स्थितीला) हेच पद पुन्हा भेटेल.

उशिराचा गृहपाठ न घेण्यामागे माझ्या मते शिस्तीपेक्षा क्रमाचा प्रश्न अधिक आहे. आंशिक डेरिव्हेटिव्ह कच्चे राहिले तर मल्टिपल इंटिग्रल अडते, आणि पार्शल फ्रॅक्शन विसरलेल्याला लाप्लासचे उलटे रूपांतर जमत नाही. सोमवारचा गृहपाठ गुरुवारी लिहिणारा विद्यार्थी मधल्या तासांना नुसता बसून असतो. शिवाय गोळा झालेल्या गृहपाठांची उत्तरे वर्गात सांगायची असतात. ती सांगितल्यावर आलेला गृहपाठ तपासण्यात काय अर्थ?

मात्र सोमवार आणि सकाळचे नऊ हे काही गणितातून निघालेले नाही. त्याबद्दल जरूर विचारा.

उत्तर : खाजगी कंपनीतील अभियंता, हिंगणा एमआयडीसी

प्राध्यापक सरांच्या बहुतेक म्हणण्याशी सहमत आहे, पण आठ तासांचा हिशेब पटत नाही. आठवड्याला तीन तास व्याख्यान आणि एक तास ट्यूटोरियल असा चार क्रेडिटचा (क्रेडिट म्हणजे अभ्यासाचा भार मोजण्याचे एकक) विषय धरू. नॅशनल क्रेडिट फ्रेमवर्कप्रमाणे एका क्रेडिटला वर्गातले आणि बाहेरचे मिळून ३० तास मोजले जातात, म्हणजे सत्राला १२० तास. पंधरा आठवड्यांत विभागले तर आठवड्याला एकूण आठ तास होतात आणि त्यातले चार वर्गातच जातात. वर्गाबाहेर आणखी आठ मागणे म्हणजे दुप्पट. एक शिक्षक असे मागू शकतो. पाचही विषयांनी मागितले तर रोज एसटीने येणाऱ्या मुलाने झोपायचे कधी?

चाचणी पुन्हा न घेण्याचा नियमही सरसकट असू नये. रुग्णालयात भरती असलेल्या मुलाला शून्य देऊन त्याच्या गणिताबद्दल काहीच कळत नाही. त्याऐवजी उरलेल्या चाचण्यांच्या सरासरीवरून गुण देता येतात, आणि त्यासाठी नवी प्रश्नपत्रिकाही काढावी लागत नाही.

उमरेडकर

सर्वांचे आभार. सोमवारी पहाटेची एसटी पावसात बऱ्याचदा लांबते, हीच माझी खरी अडचण आहे. आणखी एक शंका : चॅटजीपीटीला रीत विचारली तर ती चर्चा धरायची की नक्कल? पत्रकात त्याचा उल्लेख नाही.

निवृत्त प्राध्यापक, गणित

आठ तासांबद्दल अभियंता साहेबांचा हिशेब बरोबर आहे. व्याख्यानाच्या एका तासाला दोन तास ही जुनी शिक्षकी मोजणी आहे आणि तिनेही सहाच होतात. तरीही बारावीनंतर लेखी गणिताची सवय सुटलेल्याला पहिल्या महिन्यात चार तास पुरत नाहीत, हे मी नक्की सांगतो. चुकलेल्या चाचणीबद्दल त्यांनी सुचवलेली पद्धत मीही वापरत असे, फक्त वैद्यकीय प्रमाणपत्र आठवड्याच्या आत मागत असे.

चॅटजीपीटीला विचारण्याबाबत सरांनाच आधी विचारा. नियम लिहिलेला नाही याचा अर्थ परवानगी आहे असा धरू नका. परवानगी मिळाली तर ज्या मित्रांशी चर्चा केली त्यांच्या नावांशेजारी तेही लिहा, आणि पाहिलेले बाजूला ठेवून कोऱ्या कागदावर पहिल्या ओळीपासून उदाहरण स्वतः सोडवा. अडलात तर ती रीत अजून आपली झालेली नाही.

एसटीसाठी तोंडी विनंती करू नका. शुक्रवारी महाविद्यालयातून निघण्यापूर्वी गृहपाठ जमा करण्याची, किंवा रविवारी रात्री त्याची पीडीएफ पाठवून मूळ प्रत सोमवारी देण्याची परवानगी मागणारा चार ओळींचा अर्ज द्या. यात मुदत वाढवून मागितलेली नसून आधी देण्याची तयारी दाखवलेली आहे, त्यामुळे नाही म्हणायला सरांना कारण उरत नाही. शेजारच्या तुकडीचा उल्लेख मात्र त्या अर्जात करू नका.