मदत हवी आहे: जुन्या लॅपटॉपवर एक्स (खिडक्या-चित्रांचा पडदा दाखवणारा प्रोग्राम) सुरू होत नाही, 'नो स्क्रीन्स फाउंड'

जुनंयंत्र: पेंटियम २ चा लॅपटॉप. डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) टाकलंय, कन्सोल (नुसत्या अक्षरांचा पडदा) व्यवस्थित चालतो. स्टार्टएक्स दिलं की पडदा काळा होतो आणि परत कन्सोलवर, वर हा संदेश. लवकर सांगा, आजच चालू करायचाय.

कर्नलकट्टा: डेबियन कितवं? तुमचा प्रोसेसर ३२-बिटचा, आणि १३ मध्ये ३२-बिटचा इन्स्टॉलर आणि कर्नल (सिस्टीमचा गाभा) नाहीत, म्हणजे १२ किंवा त्याआधीचं असणार. ग्राफिक्स चिप कोणती? रॅम? एलएसपीसीआय (यंत्रातल्या चिपांची यादी देणारा आदेश) मधली व्हीजीएची, म्हणजे ग्राफिक्सची ओळ आणि एक्सचा लॉग (नोंदींची फाइल) टाका. साध्या युजरने एक्स चालवला असेल तर लॉग तुमच्या होममध्ये, 'डॉट लोकल'च्या आत शेअर, त्यात एक्सऑर्ग, तिथे सापडेल.

फ्लॅशपंथी: आधी डिस्क काढा. तिच्या जागी मेमरी कार्ड बसवणारा ४४ पिनांचा आयडीई-कॉम्पॅक्टफ्लॅश अडॅप्टर लावा, वीजही त्याच पिनांतून मिळते. आवाज बंद, बूट झटपट.

जुनंयंत्र: डिस्क उत्तम चालतेय हो, प्रश्न पडद्याचा आहे! डेबियन १२, निओमॅजिक २५६एव्ही, रॅम २५६ एमबी.

बीएसडीवाला: नेटबीएसडी १० (लिनक्ससारखीच, पण वेगळी सिस्टीम) टाका. ४८६ प्रोसेसरपासून पुढे चालतं, एक्स आणि सीटीडब्ल्यूएम (खिडक्या सांभाळणारा प्रोग्राम) मूळ सेट्समध्येच येतात. एवढ्या रॅममध्ये डेबियनचा हट्ट कशाला?

कर्नलकट्टा: सिस्टीम बदलून चिपची मेमरी वाढत नाही. ती २.५ एमबी आहे. १०२४×७६८ ला प्रत्येक पिक्सेलमागे ४ बाइट धरले तर ३ एमबी लागतात, मावत नाही. २ बाइट धरले तर १.५ एमबी. एक्सऑर्ग.कॉन्फ या एक्सच्या सेटिंग फाइलच्या स्क्रीन विभागात डिफॉल्टडेप्थ १६ (बिट, म्हणजे २ बाइट) लिहा. शिवाय एक्स सर्व्हर १.२० पासून २४ बिटांचा पॅक्ड फ्रेमबफर (पिक्सेलमागे ३ बाइट वापरायची सोय) काढून टाकलाय, त्यामुळे जुन्या चिपवर १६ च बरं.

बीएसडीवाला: मेमरीचं मान्य. पण नेटबीएसडीत मागे चालणाऱ्या सेवांचा पसारा कमी असतो, हा मुद्दा राहतोच. फक्त पॅकेजेस पीकेजीइन या साधनाने तयार घ्या, या प्रोसेसरवर पीकेजीसोर्स (पॅकेजेसचा मूळ कोड) कंपाइल करत बसू नका.

जुनंयंत्र: १६ केलं, तरी तेच. लॉगमध्ये: 'फेल्ड टु एनेबल आय/ओ पोर्ट्स', पुढे 'ऑपरेशन नॉट परमिटेड'.

तळटीप: मग गाठ इथे आहे. या चिपला कर्नलमध्ये केएमएस ड्रायव्हर (कर्नलनेच पडदा सांभाळायची सोय) नाही, म्हणून एक्सला थेट चिपच्या पोर्टांना हात घालावा लागतो आणि त्याला रूट, म्हणजे सर्वाधिकार लागतो. डेबियन एक्स साध्या युजरच्या हक्काने चालवतं. 'एक्ससर्व्हर-एक्सऑर्ग-लेगसी' पॅकेज टाका. तेवढ्याने भागलं नाही तर एक्सरॅपर.कॉन्फिग या फाइलमध्ये नीड्स-रूट-राइट्स 'येस' करा. निओमॅजिकचा ड्रायव्हर वेगळं पॅकेज आहे, तोही बसलाय का बघा. तो नसेल तर वेसा हा सर्वसाधारण ड्रायव्हर चालेल, पण खिडकी सरकवताना पडदा रेंगाळेल.

जुनंयंत्र: लेगसी नव्हतं! टाकलं, आइसडब्ल्यूएम (माझा खिडक्या सांभाळणारा प्रोग्राम) उघडलं. आभार. आता फायरफॉक्स टाकतो.

कर्नलकट्टा: नाही चालणार. आवृत्ती ५३ पासून त्याला एसएसई२ (प्रोसेसरमधल्या सूचनांचा संच) लागतं, ते पेंटियम ३ मध्येही नाही. डिलो किंवा नेटसर्फ हे हलके ब्राउझर घ्या.

फ्लॅशपंथी: आणि स्वॅप (रॅम अपुरी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) कुठे ठेवलाय? कॉम्पॅक्टफ्लॅश कार्डवर ठेवायचा असेल तर…