स्कॅनरवरचे लाइव्ह डेटाचे ग्राफ वाचताच येत नाहीत

कराडचा मिस्त्री
कराडात माझं छोटं गॅरेज आहे, 19 वर्षं झाली. दिवाळीत गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचा सात इंची पडद्याचा स्कॅनर घेतला. दोषाचे कोड वाचणं, पुसणं जमतं. ग्राफ लावले की मात्र काही कळत नाही.

सध्या 2012 ची पेट्रोल गाडी आली आहे. गरम झाली की आयडलिंगला आरपीएम वरखाली होतो, अ‍ॅव्हरेज पडलंय. चेक लाइट नाही, कोड नाही. आरपीएम, स्पीड, कूलंटचं तापमान, मॅफ (आत जाणारी हवा मोजणारा सेन्सर), थ्रॉटल, दोन्ही ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारे), दोन्ही फ्युएल ट्रिम (कॉम्प्युटर इंधन किती टक्के वाढवतो-घटवतो ते; शॉर्ट म्हणजे त्या क्षणाचं, लाँग म्हणजे बराच वेळ टिकणारं) असं सगळं एकाच ग्राफवर घेतलं. आरपीएमची रेघ वर नाचते, बाकीच्या तळाला चिकटून बसतात. पुढच्या ऑक्सिजन सेन्सरची रेघ वेगळी लावली तर कधी सपाट, कधी करवतीसारखी. सेन्सर गेलाय का?

अंदाजाने बदलायचा नाहीये. मागच्या वर्षी एकाला असाच बदलून दिला, दोष दुसरीकडे निघाला. त्याचे पैसे मी परत केले, पण त्याचा हेलपाटा कसा भरून देणार?

चिंचवडकर
दादा, आधी पट्टीचं बघा. आरपीएम हजारांत, ऑक्सिजन सेन्सर एका व्होल्टच्या आत. दोन्हींना एकच उभी पट्टी दिली तर व्होल्टची रेघ झोपणारच. प्रत्येकाचा ग्राफ वेगळा लावा आणि ऑटो स्केल (स्कॅनर पट्टी आपोआप ताणतो ते) बंद करा. ऑटो स्केल चालू असेल तर कूलंटचा एक अंश फरकसुद्धा डोंगराएवढा दिसतो. ऑक्सिजनला 0 ते 1 व्होल्ट, ट्रिमला उणे 25 ते अधिक 25 अशी पट्टी हाताने भरा. आडवी पट्टी 20–30 सेकंदांचीच ठेवा. पाच मिनिटं त्या पडद्यावर कोंबली की सगळ्या रेघांचा गुंता होतो.

नाशिकचा वायरमन
पट्टी बरोबर केली तरी करवत जाईलच असं नाही. स्कॅनर लावता त्या गाडीच्या सॉकेटमध्ये बघा. पिन 6 आणि 14 ला तारा असतील तर बहुतेक कॅन, म्हणजे डेटा पाठवायची वेगवान पद्धत, सेकंदाला साधारण 500 किलोबिट. त्या नसून 7 ला तार असेल तर के-लाइन, ही जुनी संथ पद्धत, सेकंदाला फक्त 10.4 किलोबिट. के-लाइनवर स्कॅनर एकेक गोष्ट विचारतो आणि उत्तराची वाट बघतो. नऊ गोष्टी मागितल्या तर एकेकीची पाळी यायला सेकंदाच्या वरही लागतो.

चांगला सेन्सर गरम इंजिनला 2500 आरपीएमवर 0.1 ते 0.9 व्होल्टमध्ये सेकंदाला एकदा किंवा जास्त वेळा पलटतो. झोक्यावरच्या पोराचा दर सेकंदाला एकच फोटो काढलात, तर ते झुलतंय की थांबलंय हे त्या फोटोंवरून कळेल का? तुमच्या सपाट रेघेचंही तेच असणार. फक्त दोन गोष्टी निवडा, पुढचा ऑक्सिजन आणि शॉर्ट ट्रिम, आणि रेकॉर्ड करा. मागच्या सेन्सरची रेघ बरीचशी स्थिर असते, ती बघून घाबरू नका.

कराडचा मिस्त्री
सॉकेटला 7 नंबरलाच तार निघाली. दोनच ग्राफ लावले, ऑटो स्केल बंद केलं, आणि रेघ पहिल्यांदा नीट दिसली! 2500 ला 0.2 ते 0.8 मध्ये छान पलटते. सेन्सर जिवंत आहे.

मग लाँग ट्रिम घेतला. आयडलिंगला अधिक 18, 2500 ला अधिक 5.

चिंचवडकर
हवा ओढतेय, दादा. आयडलिंगला आत येणारी हवा मुळात थोडी, म्हणून चोरटी हवा तिथे जास्त जाणवते. रेस दिली की तिचा हिस्सा घटतो. इंधन कमी पडत असतं तर बहुधा रेस दिल्यावर ट्रिम वाढला असता. थ्रॉटलमागचे सगळे पाईप हाताने चाचपा, खालच्या बाजूनेसुद्धा.

कराडचा मिस्त्री
सापडलं. पीसीव्हीचा पाईप (इंजिनातली वाफ परत आत नेणारा) मॅनिफोल्डला (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळीला) जिथे चढतो तिथे खालून उभा चिरला होता, वरून काहीच दिसत नव्हतं. गरम झाला की चीर उघडत असावी. पाईप पकडीने दाबला तर आरपीएम जागेवर बसला. नवा पाईप टाकला, ट्रिम हळूहळू 3–4 वर आला.

दोघांचे मनापासून आभार. रेकॉर्डिंग गाडीच्या नंबरावर जपून ठेवलंय. गाडीवाले सर उद्या येतील तेव्हा दोन्ही ग्राफ त्यांनाही दाखवणार आहे.