ड्रायव्हर बॅगेत ठेवला म्हणजे डोकं वापरलं असं होत नाही

तिसरा_फटका
‘हँडिकॅप वीसच्या वर असेल तर ड्रायव्हर घरी ठेवा, प्रत्येक पार-4 वर हायब्रिड मारा आणि पार-5 वर बरोबर 100 यार्ड राखून थांबा,’ असा गोल्फचा सल्ला परवा वाचला. (नवख्यांसाठी: ड्रायव्हर म्हणजे सर्वात लांब मारणारा क्लब, हायब्रिड त्याहून आखूड. पार-4 म्हणजे चार फटक्यांत संपवायचा होल. हँडिकॅप म्हणजे पारपेक्षा साधारण किती फटके जास्त लागतात तो आकडा.) खाली शाबासकीची रांग. राहवलं नाही म्हणून लिहितोय.

मी दोन वर्षं नेमका असाच खेळलो. ड्रायव्हर उजवीकडे जायचा, हायब्रिडही उजवीकडेच जायचा, फक्त चाळीस यार्ड अलीकडे. दुसऱ्या फटक्याला त्याच रफमधून, म्हणजे बाजूच्या उंच गवतातून, आणखी लांबचा क्लब घ्यावा लागायचा. स्कोअर होता तिथेच राहिला. मग एक सीझन वहीत सगळं टिपून ठेवलं. 100 यार्डांवरून माझा चेंडू दहातून चार वेळा ग्रीनवर (भोकाभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर) राहतो, 40 वरून आठ वेळा. मी मुद्दाम मागे का थांबू?

होलचा विचार ग्रीनकडून टीकडे, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेकडे, यावा. पिन (भोकातला झेंडा) कुठे आहे, कोणत्या बाजूला चुकलं तर चिप (ग्रीनजवळचा छोटा फटका) सोपी आहे, पाणी कुठे आहे, हे आधी बघायचं. माझ्या ड्राइव्हचा पसारा डावी-उजवी मिळून साठेक यार्डांचा आहे. तो सगळा पसारा पाणी आणि ओबी (कोर्सच्या हद्दीबाहेरची जागा) टाळून कुठे बसतो ते बघायचं आणि त्याच्या मध्यावर नेम धरायचा. याला मी आखणी म्हणतो. आखूड क्लब काढणं म्हणजे आखणी नव्हे.

बोगी_चालेल
1999, कार्नुस्टी, शेवटचा होल. व्हॅन दे वेल्डला तीन फटक्यांची आघाडी. सहा लागले असते तरी ब्रिटिश ओपन त्याची होती. ड्रायव्हर काढला, सात लागले, प्लेऑफमध्ये पॉल लॉरी जिंकला. 2006, विंग्ड फूट, पुन्हा शेवटचा होल. मिकेलसनला फक्त पार हवा होता. ड्रायव्हर डावीकडे थेट तंबूवर, डबल बोगी (पारपेक्षा दोन जास्त), यूएस ओपन गेली. त्याच वर्षी होयलेकच्या ब्रिटिश ओपनमध्ये टायगर वुड्सने 72 होलांत एकदाच ड्रायव्हर मारला आणि जिंकला. 2007 च्या मास्टर्समध्ये झॅक जॉन्सन सोळापैकी एकाही पार-5 वर दोनात ग्रीन गाठायला गेला नाही. त्या सोळा होलांवर तो 11 अंडर, म्हणजे पारपेक्षा अकरा फटके कमी होता. विजेत्याचं हिरवं जॅकेटही त्यालाच मिळालं.

आणि माझं सांगतो. क्लबच्या स्पर्धेत सतराव्यापर्यंत आयुष्यातलं सर्वोत्तम कार्ड होतं. अठराव्यावर ड्रायव्हर, ओबी. पुन्हा ड्रायव्हर, पुन्हा ओबी. नऊ फटके. त्या दिवशी बक्षिसांना मी थांबू शकलो नाही. तुमच्या वहीतले आकडे मला ती संध्याकाळ परत देणार आहेत का?

तिसरा_फटका
तुमचं दुःख समजतं, पण उदाहरणं नीट बघा. व्हॅन दे वेल्डचा ड्राइव्ह खूप उजवीकडे गेला, तरी पाण्यात गेला नाही, खेळता येईल अशा जागी पडला. घात केला तो दुसऱ्या फटक्याने. आघाडी हातात असताना त्याने 2-आयर्नने (लांब मारणाऱ्या लोखंडी क्लबने) ग्रीन गाठायला घेतलं, चेंडू स्टँडच्या कठड्याला लागून दाट रफमध्ये आला आणि तिथून बॅरी बर्न ओढ्यात. तिथे वेजने (आखूड फटक्याच्या क्लबने) पुढे सरकला असता तर? चूक निर्णयाची होती आणि तुम्ही ती ड्रायव्हरच्या माथी मारताय.

होयलेकला तेव्हा जमीन वाळून कडक झाली होती. टायगरचे आयर्नच एवढे घरंगळत होते की ड्रायव्हर लागतच नव्हता. आणि विंग्ड फूटचं म्हणाल, तर 2020 मध्ये त्याच कोर्सवर डीशॅम्बो प्रत्येक होलवर जोर लावून मारत होता. 56 पैकी 23 फेअरवे (कापलेल्या गवताचा मधला पट्टा) मिळाले आणि सहा फटक्यांनी जिंकला. झॅकच्या हातातला वेज तुमच्या हातात आहे का?

बोगी_चालेल
आणि डीशॅम्बोचे दंड तुमच्या खांद्यांवर आहेत का? त्या रफमधून चेंडू उपसायला ताकद लागते.

पहाटेची_फेरी
मला या वादात एवढंच विचारायचंय की 230 यार्ड राहिलेले असताना ग्रीन रिकामं होण्याची वाट बघणाऱ्यांचं काय करायचं? पाच मिनिटं उभे राहतात, मग चेंडूच्या माथ्यावर फटका बसतो आणि चाळीस यार्ड पुढे जातात. मागे आम्ही ताटकळत. नियमावलीत फटक्याला 40 सेकंदांच्या आत मारा अशी शिफारस आहे. चेंडू शोधायला 2019 पासून पाचाऐवजी तीनच मिनिटं. पाळतं कोण? बरेच लोक चुकीच्या टीवरून खेळतात, हे याचं खरं मूळ आहे. ड्राइव्ह 190 यार्ड आणि उभे मागच्या टीवर. 420 चा पार-4 आहे, मग 230 उरतात. तिथे ड्रायव्हर की हायब्रिड या प्रश्नाला अर्थच नाही.

पर्सिमन
कोर्स ज्याने आखला त्याने मागच्या टीवरून आखला. ते बंकर (वाळूचे खड्डे), तो डॉगलेगचा (वळणाऱ्या होलचा) कोपरा, सगळं त्या अंतराला धरून आहे. पुढे जाऊन बंकर उडवून मारायचे असतील तर रेंजवर जा. मी चाळीस वर्षं मागूनच खेळतोय. पुढचे टी बायका-मुलांसाठी आहेत.

पहाटेची_फेरी
हे वाक्य मी टीवर उभी असताना पाठीमागून ऐकलंय, म्हणून आता गप्प बसणार नाही. टी पुरुषांचा किंवा बायकांचा नसतो. प्रत्येक टीच्या अवघडपणाचं रेटिंग दोघांसाठी काढता येतं आणि हँडिकॅप त्यानुसार बदलतो. माझे वडील सत्तरीत पुढे यायला तयार नव्हते, ‘लोक काय म्हणतील’ म्हणून. दर होलला तीन लांब फटके, मग चिप. एका वर्षात त्यांनी खेळणंच सोडलं. तुमच्यासारख्यांची ती वाक्यं त्यांच्या कानात होती. आणि कोपऱ्यावरच्या त्या बंकरचं म्हणाल, तर 190 मारणाऱ्याला तो मागच्या टीवरून लागतच नाही. त्याच्यापर्यंत चेंडू पोचत नाही! आखणाऱ्याने विचारलेला प्रश्न त्याला पुढच्या टीवरूनच समोर दिसतो.

पर्सिमन
वडिलांचं ऐकून वाईट वाटलं. बायका-मुलांचं वाक्य मागे घेतो. बंकरचा मुद्दा… तसा मी विचार केला नव्हता. बाकीचं मान्य नाही.

बोगी_चालेल
मूळ मुद्दा कुठे गेला? दोन्ही बाजूंना ओबी आणि मधे पन्नास यार्ड. तिसरा_फटका यांनी सांगावं, साठ यार्डांचा पसारा कुठे बसवणार?

तिसरा_फटका
नाही बसत. तिथे हायब्रिड, तोही न बसला तर 7-आयर्न. हे मी पहिल्यांदाच लिहायला हवं होतं. तुमचा अठरावा तसाच असेल तर त्या दिवशी ड्रायव्हर चुकला. पण मग दुसरा फटकाही ड्रायव्हरनेच का?

बोगी_चालेल
रागाने.

तिसरा_फटका
तेच म्हणतोय. 2019 च्या मास्टर्समध्ये बाराव्यावर मोलिनारी, केप्का, पोल्टर, फिनाऊ चौघे पाण्यात गेले. टायगरने उजवीकडच्या पिनकडे बघितलंही नाही. मधल्या बंकरवरून ग्रीनच्या पोटात मारला आणि पार घेऊन पुढे गेला. क्लब सगळ्यांकडे तेच होते.

बोगी_चालेल
ठीक. दोन्हीकडे ओबी असलेल्या होलांवर तुम्ही माझं ऐकलंत, बाकीच्यांवर मी वही घालून बघतो. दहा फेऱ्या. आकडे तुमच्या बाजूने आले तर इथेच लिहीन, नाही आले तरी लिहीन.

पर्सिमन
रविवारी एक फेरी पुढच्या टीवरून खेळतो. त्या बंकरपाशी चेंडू कुठे पडतो तेवढंच बघायचंय. कार्ड जमा करणार नाही.

पहाटेची_फेरी
करा जमा. आणि ग्रीनची वाट बघत थांबू नका.