रात्रीच्या मराठी बातमीपत्राच्या बाई निवृत्त: शैली गेली की नुसती सवय?

सत्तरीकर
आपल्या गोव्याच्या वाहिनीवर रात्रीचं मराठी बातमीपत्र वाचणाऱ्या बाई महिनाअखेर निवृत्त होताहेत. ‘काय गोड आवाज’ एवढ्यावर त्यांना निरोप देणं बरं दिसत नाही, म्हणून त्या नेमकं काय करायच्या ते लिहितो.

मराठीत क्रियापद शेवटी आणि नकार त्याच्याही मागे. ‘न्यायालयाने खाणकामाला स्थगिती दिली नाही’ यात सगळी बातमी ‘नाही’त आहे. बहुतेकांचा दम नेमका तिथे संपतो, सूर खाली जातो आणि स्वयंपाकघरात काम करत ऐकणाऱ्यापर्यंत उलटीच बातमी पोचते. बाई ‘स्थगिती’च्या आधी हळूच श्वास घ्यायच्या, मग ‘दिली नाही’ खणखणीत. आकड्याच्या आधी थांबायच्या, नंतर नाही. आधी थांबलं की कान टवकारतो. नंतर थांबलं तर आकडा निसटून गेलेला असतो.

दुसरं गावांच्या नावांचं. एजन्सीची इंग्रजी कॉपी घाईत उतरवली की ‘बिचोलिम’, ‘सांक्वेलिम’, ‘कुरचोरेम’ पडद्यावर येतं. बाईंकडे डिचोली, साखळी, कुडचडेच. नव्या पोरांनी हळदोण्याचं ‘अल्डोना’ केलं की अंगावर काटा येतो.

फोंडेकार
वाचन उत्तम होतं, वादच नाही. पण बातमीपत्र म्हणजे पारायण नव्हे. ही संथ शैली दूरदर्शनच्या काळातली. वाहिनी एकच, तीही सरकारी, समोर प्रश्न विचारायला कोणी बसलेलं नाही. तिथे शांत राहायला काय जातं?

म्हादई नदीच्या पाणीवाटपाचंच घ्या. लवादाने ऑगस्ट 2018 मध्ये कर्नाटकाला 13.42 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिलं. मंत्री स्टुडिओत येऊन ‘एक थेंबही वळवू देणार नाही’ म्हणतो, तेव्हा निवेदकाने तो आकडा त्याच्यासमोर ठेवायला हवा. ‘निवाड्यातल्या 13.42 चं काय?’ त्याने बगल दिली तर तोच प्रश्न, त्याच शब्दांत, पुन्हा. बाई ‘धन्यवाद’ म्हणून पुढच्या बातमीवर जायच्या. सभ्यता छान, पण तिचा फायदा खुर्चीवरच्या माणसाला.

पीसीआर_पर्वरी
कंट्रोल रूममध्ये काम करणाऱ्याचे दोन शब्द. दोघेही ज्याला ‘स्वभाव’ समजताय, ती तयारी होती.

प्रॉम्प्टर म्हणजे निवेदकाला मजकूर दाखवणारं यंत्र. त्याची काच कॅमेऱ्याच्या लेन्सपुढे 45 अंशांत तिरकी असते, खालच्या पडद्यावरची अक्षरं तिच्यात दिसतात. ऑपरेटरने निवेदकाच्या मागून जायचं असतं. नवे निवेदक उलट करतात, अक्षरांच्या मागे धावतात. ऑपरेटरला वाटतं यांना वेग हवा, तो आणखी पळवतो आणि दोघे मिळून दरीत. बाई एका लयीत वाचायच्या, म्हणून प्रॉम्प्टर त्यांच्या ताब्यात. मिनिटाला 120 शब्द धरले तर 30 सेकंदांच्या लिंकला, म्हणजे निवेदकाने वाचायच्या तुकड्याला, 60 शब्द पुरतात. हल्ली त्याच लिंकमध्ये 90 कोंबतात आणि मग निवेदक ओरडतो म्हणून बोंब.

प्रॉम्प्टरवर ओळ लांब ठेवली की डोळे डावीउजवीकडे फिरताना घरी दिसतात. ओळीला चार-पाच शब्दच हवेत. मोठी रक्कम अंकांत टाकायची नाही. 2,47,00,000 वाचताना शून्यं मोजावी लागतात, ‘दोन कोटी सत्तेचाळीस लाख’ लिहिलं की अडखळायचं कारणच नाही. आणि हातातले कागद शोभेचे नसतात. प्रॉम्प्टर अडकला की तेच तारतात, पण वाचता वाचता एकेक पान उलटत आलं असेल तरच. नाहीतर ऐनवेळी जागा शोधत बसा.

माशेल_माटोळी
फोंडेकार, मुलाखतीचा मुद्दा पटला. पण आता चौकटीत सहाजण एकदम बोलतात, त्यात कुठल्या मंत्र्याला घाम फुटतो सांगा पाहू. गोंगाटात सुटणं त्याला जास्त सोपं.

सत्तरीकर
मतमोजणीचा दिवस आठवा. आपले मतदारसंघ इवलेसे, एका फेरीत चित्र पालटतं. 2022 मध्ये सांत आंद्रेचा निकाल 76 मतांनी लागला. अशा जागी तिसऱ्या फेरीतच ‘विजयी’ म्हणणारा तोंडावर आपटणार. अधिकृत घोषणा होईपर्यंत ‘आघाडीवर’ आणि सोबत किती फेऱ्या मोजायच्या राहिल्या ते सांगायचं, ही बाईंची शिस्त. याला संथपणा म्हणत असाल तर म्हणा बापडे.

फोंडेकार
मतमोजणीपुरतं मान्य. पण त्या दिवशी खरं काम आकडे नीट वाचणाऱ्याचं नसतं, ते कोणत्या बूथचे हे सांगणाऱ्याचं असतं. उमेदवाराच्या स्वतःच्या गावची पेटी अजून उघडायची असेल तर 300 ची आघाडी कवडीमोल. हे प्रॉम्प्टरवर येत नाही. बूथची यादी शेजारी ठेवून तालुका पाठ असलेला वार्ताहर बसवावा लागतो. बाईंच्या शेजारी ती खुर्ची कित्येक वर्षं रिकामीच होती.

पीसीआर_पर्वरी
खुर्ची रिकामी ठेवणं बाईंच्या हातात नव्हतं, तो संपादकाचा निर्णय. वार्ताहर बसवला तर त्याला वेगळा माइक आणि कानात टॉकबॅक द्या, म्हणजे आमच्या सूचना त्यालाही ऐकू येतील. टॉकबॅक नसला की आम्ही आतून ‘आवरा’ म्हणतो, ते एकट्या निवेदकालाच ऐकू येतं आणि मग तिला वार्ताहराचं वाक्य मध्येच तोडावं लागतं.