सल्ला हवा: बहिणीच्या एमएससाठी स्टेम सेल, सोलापुरातून पुढे कुठे जावं?

जुळेसोलापूरची_ताई

नमस्कार मंडळी. धाकट्या बहिणीसाठी विचारतेय.

वय 29, युनिफॉर्मच्या कारखान्यात हिशेब बघते. चार वर्षांपूर्वी एका डोळ्याने धूसर दिसायला लागलं, डोळा हलवला की दुखायचा. नंतर डाव्या पायात मुंग्या. एमआरआय आणि पाठीतलं पाणी तपासून मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस, मेंदू आणि कण्यातल्या नसांचा आजार) निघालं. डायमिथाइल फ्युमरेटच्या कॅप्सूल चालू आहेत, एकही चुकवत नाही. तरी गेल्या वर्षात दोनदा अटॅक आला, म्हणजे त्रास एकदम उफाळला, स्टिरॉइडची सलाइन लावावी लागली. आताच्या एमआरआयमध्ये नवे डाग आहेत. आधाराशिवाय चालते, पण सात रस्त्याहून घरी येईस्तोवर पाय ओढायला लागतो. एप्रिल-मेमध्ये तर दुपारी नजरच अंधुक होते, मानेवर ओला टॉवेल ठेवून गार खोलीत बसली की परत नीट.

मध्यंतरी इथल्या एका हॉटेलात शिबिर होतं. नाळेच्या स्टेम सेल पाठीच्या कण्यात इंजेक्शनने देतात, डाग भरून निघतात, असं सांगितलं. निम्मे पैसे आधी भरायचे. आई दागिने मोडायला निघालीय. दुसरीकडे आमचे डॉक्टर म्हणाले की स्टेम सेल प्रत्यारोपण हा खरा उपचार आहे, पण ते वेगळं असतं. ते नेमकं काय, हिला चालेल का, आणि दाखवायचं कुठे? कुणाला अनुभव असेल तर कृपया लिहा.

सिस्टर_वॉर्ड_सात

ताई, आधी एक सांगते, शिबिरवाल्यांना एक रुपया देऊ नका. नावात स्टेम सेल दोन्हीकडे आहे, एवढंच साम्य.

मी पुण्यात अस्थिमज्जा प्रत्यारोपणाच्या वॉर्डात काम केलंय. एमएससाठी जे करतात त्यात पेशी रुग्णाच्या स्वतःच्याच असतात, नाळेच्या नाही, आणि कण्यात काही टोचत नाहीत. आधी सायक्लोफॉस्फमाइड आणि फिलग्रास्टिमची इंजेक्शनं देऊन मज्जेतल्या मूळ पेशी, म्हणजेच स्टेम सेल, रक्तात उतरवतात. त्या दिवसांत कंबर आणि छातीचं हाड चांगलंच ठणकतं. मग मशीनवर रक्त फिरवून पेशी वेगळ्या काढतात आणि गोठवतात. पुढे जोरदार केमोथेरपी आणि सोबत एटीजी नावाचं औषध, यात स्वतःच्याच नसांवर उलटलेली प्रतिकारशक्ती जवळपास पुसून टाकतात. हाच खरा उपचार. पेशी परत देतात त्या रक्त नव्याने तयार व्हावं म्हणून, नसा दुरुस्त करायला नाही.

पेशी परत देण्याचा प्रकार दिसायला साधा, रक्त चढवल्यासारखा. पण गोठवताना घातलेल्या औषधाचा लसूण आणि उकडलेल्या मक्यासारखा वास अख्ख्या खोलीत भरतो, रुग्णाच्या श्वासालाही येतो. आम्ही लिंबाची गोळी चघळायला द्यायचो. त्यानंतरचे दहा-चौदा दिवस कठीण. पांढऱ्या पेशी जवळजवळ शून्यावर, तोंड सोललेलं, ताप आला की लगेच अँटिबायोटिक. केस जातात, नंतर येतात. दवाखान्यात तीन-चार आठवडे धरून चाला.

घरी आल्यावरही काही महिने जपावं लागतं आणि लसी नव्याने घ्याव्या लागतात. सोलापूरचं म्हणून मुद्दाम सांगते: आपल्याकडे पाणी चार-चार दिवसांनी येतं, पिंप भरून ठेवतो. अशा पेशंटला ते पाणी उकळल्याशिवाय गुळणीलासुद्धा द्यायचं नाही. पहिले काही आठवडे दवाखान्याजवळच खोली घेऊन राहिलेलं बरं. रात्री ताप आला तर पुणं अडीचशे किलोमीटरवर आहे.

मज्जारज्जू

सिस्टरनी छान लिहिलंय. मी अभ्यासाचं सांगतो, माझ्या पत्नीलाही हाच आजार असल्यामुळे बरंच वाचून झालंय.

एमएससाठी ही पद्धत 1995 मध्ये ग्रीसमधल्या थेस्सालोनिकीत सुरू झाली. सगळ्यात जास्त चर्चा झाली ती 2019 मध्ये जामा या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या मिस्ट चाचणीची. 110 रुग्ण, सगळे औषध चालू असताना अटॅक आलेले. निम्म्यांना प्रत्यारोपण, निम्म्यांना औषधं. आजार पुढे सरकला तो प्रत्यारोपण झालेल्यांपैकी 3 जणांचा, औषधवाल्यांपैकी 34 जणांचा. मृत्यू एकही नाही. मात्र त्या तुलनेत ओक्रेलिझुमॅब हे तगडं औषध नव्हतं. तगड्या औषधांशी थेट सामना लावणाऱ्या चाचण्या, उदाहरणार्थ अमेरिकेतली बीट-एमएस, त्यासाठीच हाती घेतल्या.

धोका नाही असं मात्र कुणी म्हणू नये. कॅनडात 24 जणांवर फार कडक केमो वापरून अभ्यास झाला, 2016 मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात आला. वाचलेल्या 23 जणांना पुढे एकही अटॅक नाही, पण एक रुग्ण उपचारातच दगावला. आता केमो तुलनेने सौम्य आणि रुग्णांची निवड काटेकोर असते, त्यामुळे अनुभवी केंद्रांत हे प्रमाण एक टक्क्याच्या खाली आलंय.

फायदा कुणाला? तरुण, आजार फार जुना नाही, चालता येतंय, अटॅक येत आहेत आणि एमआरआयमध्ये ताजी सूज दिसतेय. तुमची बहीण या वर्णनाच्या बरीच जवळ आहे. अटॅक थांबून नुसता हळूहळू अधूपणा वाढणारा रुग्ण असेल तर उपयोग फारसा होत नाही. वाळवी मारता येते, तिने खाल्लेलं लाकूड परत येत नाही. म्हणूनच डाग भरून काढतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

बार्शीकर_४२

ताई, माझं मत जरा वेगळं. मला स्वतःला एमएस आहे. कॅप्सूलवरून थेट प्रत्यारोपणावर उडी कशाला? मधे तगड्या औषधांची मोठी पायरी आहे. रिटुक्सिमॅब, ओक्रेलिझुमॅब, नॅटालिझुमॅब. मी रिटुक्सिमॅबवर आहे, सहा महिन्यांतून एकदा सलाइन. सुरू केल्यापासून नवीन डाग नाही, नोकरी चालू आहे. आधी हिपॅटायटिस बी आणि टीबीची तपासणी मात्र करून घ्या. नॅटालिझुमॅब द्यायचं ठरलं तर जेसी व्हायरसची.

आणि उन्हात अंधुक दिसतं तो दर वेळी अटॅक नसतो बरं का. अंग तापलं की जुन्या डागातून संदेश नीट जात नाहीत, गार झाल्यावर पूर्ववत होतं. चोवीस तासांपेक्षा जास्त टिकलं तर डॉक्टरांना फोन करायचा. प्रत्येक वेळी स्टिरॉइड घेऊन हाडं खराब करू नका.

अक्कलकोट_नाका

तसल्या शिबिराच्या नादी लागू नका ओ ताई. आमच्या काकांना असंच कण्यात इंजेक्शन दिलं, दुसऱ्या शहरात नेऊन. शेताचा तुकडा गेला. काय टोचलं याचा कागदसुद्धा दिला नाही, आणि पाय होते तसेच. नंतर फोन उचलणं बंद.

मज्जारज्जू

काकांचं वाचून वाईट वाटलं. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे मान्यता नसलेल्या स्टेम सेल उपचारांना फक्त परवानगी घेतलेल्या चाचणीतच जागा आहे, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. ताई, त्या लोकांकडे चाचणीचा नोंदणी क्रमांक मागा. पैसे मागणं आणि क्रमांक न देणं, एवढ्यावरून आईंना समजावता येईल.

बार्शीकरांशी मी सहमत आहे. फक्त तगड्या औषधावरही अटॅक आला तर मग वर्षानुवर्षं वाट बघू नका, उशिरा केलेल्या प्रत्यारोपणाचा फायदा घटत जातो.

जुळेसोलापूरची_ताई

सगळ्यांचे मनापासून आभार. आईला सिस्टरांचं लिखाण वाचून दाखवलं, दागिने कपाटात परत गेले.

एक नाजूक प्रश्न. बहिणीचं लग्न ठरतंय, मुलाला आजार माहीत आहे. पुढे मूल होईल का?

सिस्टर_वॉर्ड_सात

चांगलं केलंत विचारून, कारण हे केमो सुरू व्हायच्या आधीच बोलायचं असतं. त्या केमोने पाळी कायमची बंद होऊ शकते, वय जास्त तितका धोका जास्त. त्याआधी स्त्रीबीज गोठवून ठेवता येतात, त्याला साधारण दोन आठवडे लागतात. नंतर नैसर्गिकरीत्या मूल झालेल्या मुलीही आहेत, पण त्या भरवशावर राहू नका. रिटुक्सिमॅबसारखं औषध घेतलं तरी मूल कधी हवं हे न्यूरोलॉजिस्टना आधी सांगा, सलाइनची वेळ त्याप्रमाणे बसवतात.

दाखवायचं कुठे, तर आधी अशा न्यूरोलॉजिस्टकडे जा जे एमएसचे रुग्ण नियमित बघतात. बंगळुरूचं निम्हान्स (मेंदू आणि मनाच्या आजारांची सरकारी संस्था) चांगलं, उद्यान एक्स्प्रेस सोलापूरहूनच जाते. मुंबईला केईएम रुग्णालय आहे, रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस सोयीची. तिथे पहिलं हे विचारा की एक्वापोरिन-4 आणि मॉग या अँटिबॉडी तपासल्यात का. एनएमओ नावाचा आजार असाच दिसतो, आणि एमएसची काही औषधं त्यात उलट बाधतात. प्रत्यारोपणाचं केंद्र त्यानंतर निवडायचं. कॅन्सरची प्रत्यारोपणं करणारी केंद्रं पुष्कळ आहेत, तुम्ही विचारायचं ते एमएसची किती केली आणि त्यांचं पुढे काय झालं. उत्तर देताना आढेवेढे घेतले तर उठून या.

बार्शीकर_४२

खर्चाचं राहिलं. मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडियाच्या पुणे आणि मुंबई शाखांशी बोला, औषध आणि फिजिओथेरपीची बरीच माहिती मिळते. 2016 च्या दिव्यांग कायद्यात एमएसचं नाव आहे, तेव्हा सिव्हिलमधून प्रमाणपत्राचं विचारा. मुख्यमंत्री सहाय्यता निधीतून अस्थिमज्जा प्रत्यारोपणाला मदत मिळते, एमएससाठी देतात का ते अर्ज करण्याआधी विचारून घ्या.

जाताना एमआरआयचा नुसता रिपोर्ट नेऊ नका. पहिल्यापासूनच्या सगळ्या सीडी न्या, आणि प्रत्येक अटॅकची तारीख, काय झालं, किती दिवस टिकलं, एवढं एका कागदावर.

जुळेसोलापूरची_ताई

निम्हान्सचं ठरवतोय. सीडी दोन सापडल्या, पहिली इथल्या स्कॅन सेंटरकडे मागितलीय. अँटिबॉडीच्या तपासणीचा कागद फाइलमध्ये कुठेच नाही, ते उद्या डॉक्टरांना विचारते.