नवजात कक्षातील मॉनिटरच्या नोंदी संगणकाने तपासाव्यात का?

तापीकाठ (जळगाव):
बाळाच्या हृदयाच्या प्रत्येक ठोक्याची नोंद मॉनिटरवर उमटते आणि पुसली जाते. कागदावर तासाला एखादा आकडा उरतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला जंतुसंसर्ग होऊ लागला की ठोक्यांतला नेहमीचा बारीक चढउतार कमी होतो आणि मधूनच ठोके क्षणभर मंदावतात. बाळ मलूल दिसू लागण्याच्या कित्येक तास आधी हे घडू शकते, आणि रक्ताच्या कल्चरचा (रक्तातले जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीचा) अहवाल यायला तर एक-दोन दिवस जातात. अमेरिकेतील 9 केंद्रांत अतिशय कमी वजनाच्या 3,003 बाळांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष 2011 साली प्रसिद्ध झाले. ज्या बाळांच्या डॉक्टरांना ठोक्यांच्या या चढउतारावरून संगणकाने काढलेला जंतुसंसर्गाच्या धोक्याचा अंक दिसत होता, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण 8.1 टक्के होते. अंक झाकून ठेवलेल्या गटात ते 10.2 टक्के होते. ही सोय खान्देशातील जिल्हा रुग्णालयांत यायलाच हवी, असे माझे ठाम मत आहे.

सातपुडा (नंदुरबार):
मी नवजात कक्षात परिचारिका आहे आणि मला हे पटत नाही. पायाला लावलेला, ऑक्सिजन मोजणारा सेन्सर जरा सरकला की मॉनिटर ओरडतो. मी धावत जाते तर बाळ गुलाबी, शांत झोपलेले असते, आणि तेवढ्यात पलीकडच्या वॉर्मरवरचे (ऊब देणाऱ्या खाटेवरचे) बाळ श्वास धरून बसलेले असते. त्यात आणखी एका इशाऱ्याची भर कशाला? अंक वाढला की रक्त काढावे लागणार, आणि एक किलोच्या बाळाच्या अंगात सगळे मिळून 80-90 मिलिलिटरच रक्त असते. शिवाय धडगाव, मोलगीकडून 108 ने घाट उतरून आलेले बाळ आमच्या हाती येते तेव्हा गार पडलेले असते. त्याच्या आदल्या तासांची नोंद संगणक कुठून आणणार? त्याच पैशांत आधी एक सिस्टर वाढवा.

तापीकाठ:
सिस्टर वाढवण्याची तुमची मागणी मला पूर्ण मान्य आहे, आणि गार पडून आलेल्या बाळाला पहिल्या तासांत या अंकाचा उपयोग नाही, हेही खरे आहे. परंतु हा अंक पायाच्या सेन्सरवरून निघत नाही; छातीवरच्या ईसीजीतून मिळालेल्या कित्येक तासांच्या ठोक्यांवरून तो दर तासाला काढला जातो आणि पुढील 24 तासांत जंतुसंसर्गाचा धोका सरासरीच्या किती पट आहे, एवढेच सांगतो. सेन्सर सरकला म्हणून तो ओरडत नाही. उलट दोन आठवडे कक्षात असलेले, वजन धरू लागलेले बाळ रात्री हळूहळू बिघडते, तेव्हा आधी कोणाकडे पाहायचे हे एकट्या सिस्टरला त्यावरून कळेल.

सातपुडा:
छातीवरचे ईसीजीचे स्टिकर काढताना त्या बाळांची कातडी सोलून निघते, म्हणून आम्ही बहुतेकांना केवळ पायाचा सेन्सरच लावतो. तुमचा संगणक ज्या ठोक्यांवर चालतो, ते आमच्याकडे नोंदलेच जात नाहीत. कातडीला न दुखवणारे स्टिकर पुरवा, मग आपण पुढचे बोलू.